पाहण्याची मजुरी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात पोत्यावर गुडघे टेकून आमच्या जुन्या सुमोच्या पुढच्या चाकामागे डोके घालून बसलो होतो. "दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत हवं," ते म्हणाले. मी हो म्हटले खरे. पण हाताला ग्रीस लागले होते आणि डोक्यात भांडण होते. खुसखुशीत काही सुचेना. तेव्हा वाचकहो, या अंकात करंज्या-चकल्या वाढणारे पुष्कळ आहेत, त्या त्यांच्या पानावर घ्या. माझ्या पानावर आज भांडण आहे. ते कोणा एकाशी नाही. ते तुमच्याशी आहे, माझ्याशी आहे, आणि बघण्याचे पैसे न देता केवळ बदलण्याचे पैसे देण्याच्या आपल्या सवयीशी आहे.

आधी हकीकत सांगतो.

आमची सुमो २००८ सालची. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आले असे माझ्या वर्गातल्या मुलांना वाटते. ते सुमंत मुळगावकर या थोर उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे जोडून झाले आहे, हे सांगितले की मुले डोळे मोठे करतात. ही गाडी १९९४ साली प्रथम रस्त्यावर आली आणि २०१९ साली निघायची बंद झाली. आमच्या हाती आलेली तिसऱ्या मालकाकडून आली. माझ्याआधी तिने कोणाची तरी हळदीची पोती वाहिली असावीत; कारण पहिले वर्षभर पाऊस पडला की मागच्या बाकाखालून सांगलीच्या बाजाराचा वास येई. मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण कादंबरीवर नवी गाडी येत नाही. सव्वादोन लाख किलोमीटर चाललेली ही गाडी घेतली तेव्हा आळीत पेढे वाटले होते.

गेल्या वर्षी आषाढात तिच्या पुढच्या अंगात एक आवाज शिरला. खट्! रस्ता सपाट असला तर गप्प. गतिरोधक आला, खड्डा आला, की खट्. आमची सौभाग्यवती डाव्या बाजूला बसते. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा आवाज माझ्या पायाखाली येतो, आणि तुम्ही उजवीकडे वळता तेव्हा जास्त येतो." मी पुरुषी शहाणपणाने म्हटले, "जुनी गाडी आहे, वाजायचीच." एवढे बोलून विषय संपवला. वाचकहो, या खटल्यातला पहिला आरोपी तुमच्यासमोर उभा आहे.

श्रावणात आवाज वाढला, तेव्हा हमरस्त्यावरच्या एका मोठ्या गॅरेजात गाडी नेली. तिथे काचेची खोली होती, थंड पाणी होते. एका तरुणाने माझे म्हणणे अर्धे ऐकले आणि म्हणाला, "सर, शॉकअप गेलेत. जोडी बदलू." गाडीखाली कोणी वाकले नाही. मीही, "का गेले? कशावरून?" असे विचारले नाही. मी विचारले ते एवढेच : "किती होतील, आणि संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" साडेसात हजार झाले. संध्याकाळी गाडी मिळाली आणि घरच्या वळणावर, उजवीकडे वळताना, गाडीने मला नमस्कार केला : खट्!

भाद्रपदात दुसरे गॅरेज. तिथे, "लोअर आर्मचे बुश गेलेत," असे निदान झाले आणि वर अलाइनमेंटही करून दिले. आणखी सहा हजार गेले. आवाज तसाच राहिला. मग मी एक थोर शोध लावला, की हा गाडीचा दोष नसून स्वभाव आहे. माणसाच्या स्वभावाला औषध नसते, तसे हेही. घरातले सगळे त्या आवाजाला सरावले. धाकटा तर गतिरोधक आला की आधीच तोंडाने 'खट्' म्हणू लागला.

माझी बहीण चिपळूणला असते. भाऊबीजेला आम्ही पाटणहून कोयनानगर, हेळवाक असे करीत कुंभार्ली घाट उतरून जातो. तो घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची वळणे सांगायला नकोत. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढेच समजावे, की तिथे चाक कुठे आहे याचा विचार मनात येऊ देण्याइतकीही जागा नसते. धनत्रयोदशीला टायरमध्ये हवा भरायला म्हणून मी वडाच्या झाडाखालच्या एका मिस्त्रीकडे थांबलो. पत्र्याची शेड, दोन घोड्या, एक जॅक, भिंतीवर लावलेले पाने. गाडीत सगळी मंडळी होती. हवा भरता भरता मिस्त्रीने पुढच्या डाव्या टायरवरून तळहात फिरवला. मग पुन्हा उलट्या बाजूने फिरवला. आणि म्हणाला, "गुर्जी, आवाज येतुय का?"

मी म्हटले, "येतो थोडासा."

"तुमी थांबा. वैनी, तुमी सांगा. तुमी हिकडं बसता न्हवं? कवा येतो?"

तीन महिन्यांत, तेरा-साडेतेरा हजार रुपयांत, हा प्रश्न प्रथमच विचारला गेला; आणि ज्या माणसाला विचारायला हवा होता त्याला विचारला गेला. तिने तेच सांगितले, जे आषाढात मला सांगितले होते. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो. ज्या सांध्यात खेळ पडला आहे तो भार आला की बोलतो. हे तिला माहीत नव्हते. पण तिने ऐकले होते आणि ऐकलेले नीट सांगितले होते. निदान अर्धे तिथेच झाले होते.

उरलेले अर्धे मिस्त्रीने माझ्या डोळ्यांदेखत केले. ते मी इथे सविस्तर सांगतो. कोणी म्हणेल, दिवाळीच्या अंकात बॉल जॉइंट कशाला? मी म्हणतो, दिवाळीतच हवा. वर्षभर घरी असणारी मंडळी याच चार दिवसांत, पोराबाळांसकट, डब्यांसकट, घाट उतरतात.

त्याने मागल्या चाकांना दगड लावले, हातब्रेक ओढला, पुढचे डावे चाक जॅकवर उचलले आणि चौकटीखाली घोडी लावली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तो हातही घालीना. मग चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे धरून, हलवले. चाक किंचित डुगडुगले. धाकट्याला म्हणाला, "बाळा, ब्रेक दाबून धर." धाकट्याने दाबला. चाक तरीही डुगडुगले. "बेअरिंग न्हाई," मिस्त्री म्हणाला. यात जादू नाही. ब्रेक दाबला की चाक, आणि ज्या लोखंडी मुठीवर ते बसवलेले असते ती मूठ, ही एकमेकांना जखडली जातात. गॅरेजात त्या मुठीला नकल म्हणतात. खेळ बेअरिंगमध्ये असता तर ब्रेक दाबल्यावर नाहीसा झाला असता. झाला नाही, म्हणजे खेळ त्या मुठीच्या पलीकडे आहे. मग त्याने चाक डावीकडे-उजवीकडे, तीन आणि नऊवर, धरून हलवले. तिथे घट्ट होते. म्हणजे टाय रॉडचे सांधे ठीक. पाच मिनिटांत त्याने दोन संशयितांना सोडून दिले होते.

आता खरी मेख आली. या गाडीच्या पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन हात असतात. खालच्या हाताला लोअर आर्म म्हणतात आणि स्प्रिंग त्याच्यावर रेटा देत असते. हाताच्या टोकाला, चाकाची मूठ जिथे जोडलेली असते, तिथे बॉल जॉइंट. आपल्या खुब्याचा सांधा आठवा. वाटीत बसलेला गोळा. गाडी चौकटीखालून उचलली की चाक हवेत लोंबते, पण स्प्रिंगचा रेटा सांध्यावरून हटत नाही. गोळा वाटीत दाबलेलाच राहतो आणि झीज पुरती दिसत नाही. म्हणून मिस्त्रीने जॅक तिथून काढून थेट त्या खालच्या हाताखाली लावला. टायर जमिनीपासून बोटभर उचलला. मग टायरखाली लांब टॉमी घालून हलकेच उचकले, आणि मला म्हणाला, "हितं बोट ठिवा."

मी बोट ठेवले. टॉमी उचलली की माझ्या बोटाखाली लोखंड वर येई, सोडली की खाली बसे. खट्. खट्. तोच आवाज! तीन महिने तो माझ्या कानात होता. त्या दिवशी बोटाला लागला. सांध्यावरचे रबरी टोपण फाटले होते. ग्रीस गेले होते, आत तांबूस पाणी शिरले होते. घाटात एखाद्या खड्ड्यात तो गोळा वाटीतून निसटला असता, तर चाक वाकडे होऊन गाडीची ती बाजू रस्त्यावर टेकली असती, आणि सुकाणू हातात असून नसल्यासारखे झाले असते. मी मागे वळून पाहिले. सौ.च्या मांडीवर बहिणीसाठी घेतलेली साडी होती.

नवा बॉल जॉइंट आणला. काम तासाभराचे, पण त्यातही पाहण्यासारखे खूप होते. स्प्रिंगमध्ये कोंडलेला जोर म्हणजे दाबून धरलेला साप. म्हणून खालचा हात जॅकने धरून ठेवल्याशिवाय त्याने नटाला पाना लावला नाही. सांध्याची खीळ निमुळती असते व छिद्रात घट्ट रुतलेली असते. तिच्या आट्यांवर हातोडा न घालता त्याने पुलर लावून ती सोडवली. नवा नट त्याने जुनाट पण कापडात गुंडाळून ठेवलेल्या टॉर्क रेंचने आवळला. स्प्लिट पिनचे छिद्र जुळेना, तेव्हा नट सैल करून जुळवण्याऐवजी किंचित अधिक आवळून जुळवले. पिन नवी घातली. जुनी सरळ करून पुन्हा वापरली नाही.

आणि मग तो दुसऱ्या गॅरेजने बसवलेल्या बुशांपाशी थांबला. दोन महिन्यांपूर्वीचे बुश. पण रबर एका अंगाला पिळवटून चिरू लागले होते. "ह्ये गाडी हवेत लोंबत असताना आवळल्यात," तो म्हणाला. रबरी बुश हा फिरत नाही, पिळतो. चाक लोंबत असताना त्याचा बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उभी राहिली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून तो बोल्ट, गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीवर आवळायचा. त्याने बोल्ट सैल केले, गाडी खाली घेतली, पुढून दोन-तीनदा दाबून हलवली, आणि मग आवळले. "अलायमेंट आता करा," म्हणाला. "सांदा ढिला असताना केल्यालं अलायमेंट म्हंजी वाऱ्यावर मारल्याली रेघ."

उजव्या बाजूचा जॉइंटही त्याने तसाच तपासला. मी म्हटले, "तोही बदलून टाका. जोडीने बरे."

"कशापायी? ह्यो ठणठणीत हाय. शॉकअप जोडीनं बदलावं, ह्यो न्हाई. ह्येला हात लावू नगा."

किती द्यायचे म्हणून विचारले. जॉइंटचे आणि मजुरीचे मिळून अठराशे. "आणि बघण्याचे?" मी विचारले. तो हसला. "गुर्जी, बघायचं काय घ्यायचं?" आणि मग, पाने पुसता पुसता, सहज म्हणावे तसे म्हणाला, "मागं फाल्गुनात तुमी आला हुता. तवा मी सारी फुडली बाजू बघितली हुती. म्हणलं हुतं, बदलाय काय न्हाई, पर त्या डाव्या रबराला चीर हाय. पावसाच्या आत एकदा दावा. तुमी आला न्हाई."

मला आठवले. मी आलो होतो. माणसाने पाऊण तास गाडीखाली काढला होता आणि, "काही नाही, ठीक आहे," असे सांगितले होते. मी त्याला चहाला म्हणून वीस रुपये दिले होते. आणि घरी जाताना मनात म्हटले होते, याला काही येत नाही, याने काहीच केले नाही! पुन्हा त्याच्याकडे गेलो नाही. ज्याने पाहिले त्याला वीस रुपये. ज्यांनी पाहिले नाही त्यांना साडेतेरा हजार. हा माझा हिशेब, वाचकहो. मी मुलांना गणित शिकवतो.

हकीकत संपली. आता भांडण.

आपण म्हणतो, गॅरेजवाले लुबाडतात. नको ते सुटे भाग बदलतात. असतील काही तसे. पण मला सांगा, त्यांनी दुसरे काय करावे अशी व्यवस्था आपण केली आहे? भाग बदलला तर पैसे. भाग बदलायला नको असे सांगितले तर चहा! अचूक निदान करून, "काही नाही, चालवा," असे सांगणाऱ्या मिस्त्रीच्या घरी त्या दिवशी चूल कशावर पेटायची? डॉक्टरने नाडी पाहून, "काही झालेले नाही," असे सांगितले तर आपण तपासणीचे पैसे मुकाट्याने देतो, वर सुटकेचा निःश्वास टाकतो. वकिलाने, "दावा लावू नका," असे सांगितले तरी सल्ल्याचे देतो. मग हात काळे झालेल्या माणसाच्या सल्ल्याला मोल का नाही? कारण एकच. डोके हे पांढऱ्या कपड्यात असते अशी आपली समजूत आहे. मिस्त्रीला आपण फक्त हात समजतो. आणि हाताने काही काढले-घातले नाही तर मजुरी कसली, असे विचारतो. त्याचे डोळे, त्याचा कान, टायरवरून उलटसुलट फिरलेला त्याचा तळहात, यांना आपल्या हिशेबात रकानाच नाही. जो समाज केवळ बदलण्याचे पैसे देतो, त्याला बदलणारेच मिळतात. पाहणारे वडाखाली उपाशी बसतात, आणि एके दिवशी तेही शहाणे होऊन म्हणू लागतात, "जोडी बदलू."

यावर मला उत्तरे मिळतील. ती मी वर्गात बसून ऐकलेलीच आहेत.

एक गृहस्थ म्हणतील, "एवढी डोकेफोड कशाला? सगळा सेटच बदलावा. खर्च होईल, पण सुरक्षित." नाही महाराज! माझ्या गाडीत नवे शॉकअप होते, नवे बुश होते, ताजे अलाइनमेंट होते. आणि मरण जुन्या बॉल जॉइंटमध्ये बसले होते. न पाहता बदललेला भाग सुरक्षितता देत नाही, सुरक्षित असल्याचा भास देतो, आणि तो अधिक घातकी. शिवाय जो न पाहता काढतो तो न पाहताच बसवतो. माझे पिळवटलेले बुश याला साक्षी आहेत. काही गोष्टी जोडीने बदलाव्यात, स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घ्यावी, हे मला मान्य. पण त्यालाही कारण आहे, आणि ते कारण पाहणाऱ्यालाच ठाऊक असते.

दुसरे म्हणतील, "दोष रस्त्यांचा आहे." आहेच. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप घालून दिले आहे : साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. म्हणजे पसरट, गाडी चढून उतरेल असा. आपल्या गावोगावचे गतिरोधक मोजून पाहा. पुष्कळ ठिकाणी रस्त्यावर झोपवलेला ओंडका बरा! डावे चाक तर बिचारे रस्त्याच्या कडेचे खड्डे आणि साईडपट्टीचे उतार आयुष्यभर खात असते. रस्त्यांसाठी अवश्य भांडा, मीही येतो. पण रस्ते वाईट आहेत म्हणून गाडी पाहायची नाही, हे पाणी गढूळ आहे म्हणून गाळायचे नाही, असे म्हणण्यासारखे झाले. वाईट रस्त्याच्या गावात पाहणारा माणूस अधिक हवा.

तिसरे म्हणतील, "आमच्या गाडीचे सगळे कागद ठीक आहेत." माझेही होते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती २०२३ साली संपली तेव्हा तपासणी होऊन पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली. पण ती तपासणी त्या दिवशीच्या गाडीची होती. रबराला चीर पडते ती कागद पाहून पडत नाही. आणि विम्याच्या भरवशावर असाल, तर पॉलिसी एकदा दिवाळीच्या सुटीत वाचून काढा. नेहमीच्या विम्यात झीज भरून मिळत नाही. झिजेचा विमा एकच : वेळेवर पाहणे.

चौथे, आणि हे बहुधा माझे विद्यार्थीच असतील, म्हणतील, "गुरुजी, जुनी गाडी विका, नवी घ्या." घ्या, ज्यांना परवडते त्यांनी अवश्य घ्या. पण नव्या गाडीच्या चाकालाही सांधे असतातच. जुन्या धाटणीच्या पुष्कळ सांध्यांना ग्रीस भरण्याचे निप्पल असे. ते भरायला माणूस गाडीखाली जाई आणि जाता जाता चार गोष्टी पाही. नव्यांपैकी पुष्कळसे जन्मभरासाठी बंद केलेले असतात. ग्रीस भरण्याची कटकट गेली, त्याबरोबर गाडीखाली जाण्याचे निमित्तही गेले. म्हणजे नव्या गाडीला पाहणाऱ्या डोळ्याची गरज अधिकच.

पण सगळ्यांत मोठा दोष मी माझ्या स्वतःच्या धंद्याकडे ठेवतो. ज्या तरुणाने माझे अर्धे बोलणे ऐकून, "शॉकअप गेलेत," असे सांगितले, तो कोणाच्या वर्गातून गेला? माझ्याच, किंवा माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाच्या. आम्हीच त्याला दहा वर्षे शिकवले, की प्रश्न पुरता वाचत बसू नको. गाईडमधले उत्तर आठव आणि पटकन लिही. वेळ थोडा आहे! जो मुलगा प्रश्नाकडे बघत बसतो त्याला आम्ही मंद म्हणतो. "मला अजून कळले नाही, पाहून सांगतो," या उत्तराला कोणत्या परीक्षेत गुण आहेत? आणि वडाखालचा तो मिस्त्री पहिला अर्धा तास दुसरे काय म्हणत होता? बेअरिंग आहे का, पाहतो. टाय रॉड आहे का, पाहतो. एकेक शंका घ्यायची, ती खोटी ठरेल अशी कसोटी लावायची, खोटी ठरली तर सोडून द्यायची. आम्ही ज्याला विज्ञान म्हणून फळ्यावर लिहितो, ते तो टॉमीने करीत होता. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिकडे जाणाऱ्या मुलाकडे आम्ही मास्तर, 'याचे जमले नाही' अशा नजरेने पाहतो. ती नजर आधी दुरुस्त केली पाहिजे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. या दिवाळीत गावाला निघण्यापूर्वी गाडी मिस्त्रीकडे न्या आणि आधीच सांगा : "एक तास पुढची बाजू बघा. काही निघाले नाही तरी या तासाचे पैसे तुमचे." मग बघा त्याचा चेहरा. आवाज कधी येतो, कुठून येतो, हे घरात जो नीट ऐकतो त्याला सांगू द्या; तो बहुधा सुकाणूवर बसणारा नसतो. खेळ कुठे आहे ते दाखवायला सांगा, आणि लाज न बाळगता स्वतःचे बोट तिथे ठेवा. काढलेला भाग हातात घेऊन पाहा. तो ठणठणीत दिसला तर, का काढला, असे विचारा. आणि, "काही नाही, चालवा," असे जो सांगेल, त्याचा पत्ता जपून ठेवा. तो दुर्मिळ माणूस आहे.

त्या वर्षी आम्ही घाट उतरलो. कुंभार्लीच्या पहिल्या उजव्या वळणावर सगळे गप्प झाले. गाडीही गप्प होती. धाकट्याने सवयीने तोंडाने 'खट्' केले आणि सगळे हसले, सौ. मात्र हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी समोर रस्ता पाहत होतो, कारण त्या नजरेला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

यंदा फाल्गुनात मी न बोलावता वडाखाली गेलो. मिस्त्रीने पाऊण तास गाडी पाहिली आणि म्हणाला, "ठीक हाय. काय न्हाई." मी तीनशे रुपये पुढे केले. त्याने हात मागे घेतला. "काय केलंच न्हाई, तर कशाचं घिऊ?" मी म्हटले, "बघितलेत ना? मला पावती द्या. शाळेत हिशेब दाखवायचा आहे." शाळेचा काही संबंध नव्हता, पण मास्तराचा शब्द, त्याने मानला. लेकीची वही मागवली, तिचे एक पान फाडले आणि पेन्सिलीने सावकाश लिहिले :

'फुडली बाजू बघितली. दोष नाही. रु. ३००.'

माझ्या कादंबऱ्यांच्या कपाटात, मिळालेल्या प्रमाणपत्रांच्या वर, ती पावती मी लावून ठेवली आहे.